अक्का दारात आल्या की

आमच्या अक्कांना कुणाला कामावरून कमी करायचं असलं, की त्या त्याच्या घरी जायच्या. कारखान्यात बोलावून सांगायचं नाही, फोनवर नाही, मुकादमाच्या तोंडून तर मुळीच नाही. सकाळी स्कूटी काढायच्या, मला मागं बसवायच्या आणि त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. घरातलं कुणी पाणी घेऊन आलं तर म्हणायच्या, "पाणी नको. आधी बोलते." मग जमिनीवर बसून, त्याच्या बायकोसमोर, आईसमोर सांगायच्या की काम संपलंय, का संपलंय, आणि यात ह्याची चूक किती नि कारखान्याची किती. त्याची चूक असली तर तीही सांगायच्या, गोड करून नाही. सगळं बोलून झालं की मगच पाणी प्यायच्या.

मी करकंबची, चौथीपर्यंत शिकलेली. अक्कांचा सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा कारखाना. केस काळे होते तेव्हा मी तिथं लागले आणि पांढरे झाल्यावर सोडला. धागे कापणं, बटणं, इस्त्री, घड्या, हा शेवटचा विभाग माझ्या हाताखाली होता. अक्का आता नाहीत. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. मी म्हणणार नाही. त्या तापट होत्या, वेगळ्या रंगाच्या दोन सुतांवरून अख्खा गठ्ठा परत उसवायला लावायच्या, आणि कारखान्याच्या चहात साखर इतकी कमी की तो औषध म्हणून प्यावा लागायचा. पण कामावरून काढावं तर अक्कांनी, असं मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगते.

अक्का विणकर घरातल्या. घरात तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी. त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. दुसऱ्या कारखान्याचा एक मालक एकदा माल बघायला आला होता. तो हसत म्हणाला, "अक्का, माणूस काढायचं तर काढायचं की. घरी कशाला जाताव? कारखाना चालवताव का दवाखाना?"

अक्का म्हणाल्या, "शेजारणीचं भांडं आणलं तर पोचे पाडून परत देताव का ओ? ह्याच्या घरनं मी धडधाकट माणूस आणला. परत देताना बघून द्यायला नको?"

त्यानं मान डोलावली. भाव मात्र त्यानं पाडूनच मागितला.

ही घरी जायची पद्धत अंबादासमुळं सुरू झाली होती. अंबादास आमचा कटिंग मास्टर. कापडाचे थरावर थर अंथरायचे आणि वरून मशीन फिरवून एका दमात शंभर बाह्या कापायच्या, हे त्याचं काम. हात स्वच्छ, बोलणं कमी. आमच्याकडं यायच्या आधी तो टॉवेलच्या कारखान्यात होता. एका सकाळी तिथल्या वॉचमननं त्याला गेटवरच अडवलं. "तुझं नाव कमी केलंय, आत जायचं न्हाय." बाकीची माणसं त्याच्या बाजूनं आत जात राहिली. काहींनी मान खाली घातली, काहींनी तीही घातली नाही. त्यानंतर कित्येक महिने तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. बायको रेणुका विड्या वळून घर चालवायची आणि त्याला एकटं सोडून बाजारालाही जायची नाही.

आमच्याकडं लागताना त्यानं पगाराचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "अक्का, कधी काढायचं झालं तर वॉचमनकडनं सांगू नका."

अक्कांनी ते डोक्यात पक्कं धरलं. तेव्हापासून ज्याला काढायचं त्याच्या घरी जायचं, हा नियम झाला. चांगलाच नियम होता. पण पुढं काय झालं ते मला अक्कांच्या आधी दिसलं, कारण बायका माझ्याजवळ बोलायच्या. अक्कांची स्कूटी गल्लीत वळली की दारातल्या बाया उठून आत जायला लागल्या. एकीनं तर अक्कांना बघून कडी लावून घेतली. अक्का चालल्या होत्या तिच्या शेजारच्या घरी बारशाला.

मी अक्कांना सांगितलं, "तुमी दिसलाव की बाया रडायला लागत्यात. यमाला बी एवढं भीत न्हाईत."

"गप्प बसा ओ शांताबाई," अक्का म्हणाल्या. "मी काय कुणाला खाते का?"

शाळा बंद होत्या ती दोन वर्षं गणवेश कुणाला लागले नाहीत. नंतर काम आलं, पण आधीइतकं नाही. कापड आपोआप कापणारं मोठं मशीन घेणार अशी कुणकुण कारखान्यात होती. अंबादास डबा खाता खाता थांबायचा. अशात त्याची मुलगी अनिता बारावी पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी. अक्कांना त्याचं भारी कौतुक. त्यांनी पेढे घेतले, स्कूटीच्या डिकीत ठेवले आणि मला घेऊन निघाल्या. अंबादासला सांगितलं नाही. पोरीला आधी भेटायचं, असं त्यांच्या मनात होतं.

रेणुकानं दार उघडलं. तिचा चेहरा मी बघितला आणि मला तिथंच कळायला हवं होतं. ती पाणी घेऊन आली. अक्का घाईत म्हणाल्या, "पाणी नको ग, आताच चहा झाला. आधी अनिताला बोलाव."

रेणुकानं तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. बराच वेळ बाहेर येईना. मी आत डोकावले तर ही बाई फोन कानाला लावून उभी, डोळ्यांतून पाणी. "अहो, अक्का आल्यात. पाणी न्हाय घेतलं त्येनी," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली होती.

आम्ही पेढे काढले, अनिता पाया पडली, रेणुका हसली आणि पुन्हा रडली. मग तिनं अंबादासला फोन लावला. फोन बंद. अक्कांनी कारखान्यात लावला. मुकादम म्हणाला, "मास्टरनं मशीन बंद केलं, टेप घडी करून टेबलावर ठेवला आणि गेला की. मला वाटलं तुमीच बोलवलाव."

अक्कांनी स्कूटी कशी चालवली ते मला विचारू नका. आधी आम्ही रेल्वेच्या रुळांकडं गेलो. तिथंच का, हे दोघींपैकी कुणी बोललं नाही. तिथं कुणी नव्हतं. तेवढ्यात रेणुकाचा फोन आला, की त्याची बहीण बार्शीला असते. मग एसटी स्टँडवर गेलो. बार्शीच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर तो बसला होता. समोर गाडी उभी होती, माणसं चढत होती आणि हा त्यांच्या पायांकडं बघत होता.

अक्का त्याच्या शेजारी बसल्या. "अंबादास, तुला काढलेलं नाही. हे पहिलं ऐक."

त्यानं वर बघितलं नाही. "मग आलाव कशाला?"

"अनितासाठी पेढे आणले रे."

"तुमी कुणाच्या घरी पेढे घेऊन येत न्हाय, अक्का. तुमी आलाव की चूल गार होते." मग म्हणाला, "गेटवर सांगितलं तवा निदान घर तरी शिल्लक होतं जायला. तुमी घरातच येऊन सांगताव. आता मी कुटं जायचं होतं?"

अक्कांना दोन शब्द सुनावणारा माणूस त्या सोडत नसत, हे मला माहीत होतं. मला वाटलं आता या चिडणार, एवढं सगळं तुझ्यासाठीच केलं म्हणणार. पण त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग कसं सांगू? तू सांग मला."

बार्शीची गाडी सुटली. मी म्हणाले, "दोघं बी उठा आता, ती पोरगी घरी वाट बघत बसलीय." चालता चालता तो म्हणाला, "आधीपासनं सांगत जावा. उजेडात, कामावर, सगळ्यांसंगं. आन् घरी यायचं तर काढल्यावर या. तवा कोणच येत न्हाय."

अक्कांनी तसंच केलं. आणि पहिली पाळी अंबादासचीच आली, कारण मशीन खरंच घ्यावं लागणार होतं. मशीन ठरवायच्या आधीच अक्कांनी त्याला सांगितलं. कटिंगच्या टेबलाशी, भर दुपारी, रेणुकाला बोलावून घेऊन, आम्हा सगळ्यांच्या देखत. "मशीन आलं की तुझं काम राहणार नाही. दुसरं शोधू. मी पण शोधते. तोवर इथंच यायचं." शेवटच्या दिवशी आम्ही त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो. आमच्या वॉचमननं निरोपाला त्याचा हात धरला होता, आणि तो हात सोडवून घेता घेता अंबादास जरा हसलासुद्धा.

लोकांना वाटतं इथं गोष्ट संपली. माणसाचं मन असं संपत नाही. महिन्याभरात त्यानं पुन्हा भिंत धरली. दाढी वाढली, जेवण सुटलं. पण या वेळी दर बुधवारी आमच्या दोघींच्या चपला त्याच्या दारात असायच्या. तो बोलला नाही तरी अक्का बसून राहायच्या. कधी रेणुकाजवळ विड्यांची पानं कापत बसायच्या. तिसऱ्या-चौथ्या बुधवारी त्या म्हणाल्या, "अंबादास, उठ. डॉक्टरकडं जायचं. मनाच्या."

"मी वेडा न्हाय, अक्का."

"मला बीपी आहे, मी काय मेलेय? उठ."

सरकारी दवाखान्यात आम्ही रांगेत बसलो. कुणीतरी ओळखीचं बघेल म्हणून रेणुकानं डोक्यावरून पदर ओढून घेतला होता. अक्का मात्र गाजावाजा करत, नंबर कितवा चाललाय ते विचारत फिरत होत्या. आत डॉक्टर तरुण होता. त्यानं रेणुकाला विचारलं, "तुम्ही पत्नी?" तिनं मान हलवली. मग अक्कांकडं बघून म्हणाला, "आणि तुम्ही यांच्या कोण?"

"मी ह्याला कामावरनं काढलंय," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरचा पेन थांबला. "मग तुम्ही कशाला आलात?"

"मीच काढलंय म्हणून."

डॉक्टरनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "लिवा की ओ. खरंच सांगत्यात त्या." आयुष्यात मला माझ्या मालकिणीचा अभिमान पुष्कळदा वाटला, पण त्या दवाखान्यात वाटला तेवढा कधी नाही. माझी नात मोठ्या कंपनीत आहे. तिथं भिंतीवर मानसिक आरोग्याचे रंगीत फलक लावलेत म्हणते. लावू देत. त्यांच्यातला कुणी काढलेल्या माणसाबरोबर रांगेत बसला असेल, तर मला दाखवा.

औषधं लागू पडली. सावकाश पडली, मधे एकदा त्यानं ती बंद केली तेव्हा अक्कांनी त्याला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलं. बुधवार चालूच राहिले. मग एका सकाळी अंबादास स्वतःच कारखान्यात आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. अक्का माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. तो सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "अक्का, पुढच्या महिन्यापासनं बुधवारी घरी येऊ नका."

अक्का दचकल्या. "का रे? माझं काय चुकलं?"

"तुमचं काय चुकलं न्हाय. मला पिशव्यांच्या कारखान्यात कटिंगचं काम लागलंय. बुधवारी मी घरी नसणार, रेणुकाला तुमच्यासाठी थांबावं लागंल. ह्यो महिना या. पुढं काम न्हाय राहिलं तुमचं."

सगळ्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. अक्कांनी नुसतीच मान हलवली. पण त्या दिवशी कापडवाला आला, टेम्पोवाला आला, बँकेतला माणूस आला, आणि प्रत्येकाला त्यांनी चहा देऊन तेच सांगितलं, "आमच्या अंबादासनं मला आज कामावरनं काढलं ओ. महिनाभर आधी सांगून, सगळ्यांच्या देखत."