सात चादरी

कुकरची शिट्टी झाली की जी बाई स्वयंपाकघरातून थेट अंगणात पळायची, तिला नोकरी लागली ती नेमकी बॉयलरशेजारी! इस्पितळाच्या धुलाईखान्यात, चादरींच्या घड्या घालायला. भिंतीपलीकडे बॉयलर. त्याचा पंप धडधडला की ही दचकायची आणि हातातली चादर जमिनीवर. पडलेली चादर पुन्हा धुवायला जायची. दुसऱ्याच दिवशी बायकांनी तिचं नाव ‘दचकी’ ठेवलं आणि चौथ्या दिवशी मुकादमबाईंनी बजावलं, “आणखी एक चादर पडली ना, तर उद्यापासून येऊ नकोस.”

नवरा अंथरुणाला खिळलेला, सासूबाई थकलेल्या. ही नोकरी गेली तर घर कशावर चालणार? त्या दुपारी डबा उघडून ती नुसती भिंतीकडे बघत बसली.

पण तिला एक खोड होती. ज्याची धास्ती, त्याचीच चौकशी. डबा तसाच झाकून ती बॉयलरवाल्या काकांच्या दारात उभी राहिली. “काका, हा मेला मधूनच का ओरडतो?”

काका हसले. “ओरडत नाही गं, पाणी पितो. ही काचेची नळी बघ. हिच्यातलं पाणी उतरलं की पंप आपोआप सुरू होतो.” मग त्यांनी लाल बटण दाखवलं. “नळी कधी रिकामी दिसली तर आधी हे दाबून आग बंद करायची. घाबरून गार पाणी सोडायचं नाही हं, तापलेलं लोखंड फाटेल.”

फाटेल! ती आणखीच घाबरली. पण त्या दिवसापासून मोजू लागली. दर सात चादरींना एक धडधड. सातवी घडी झाली की टेबल घट्ट धरून ठेवायचं.

सहाव्या दिवशी सात झाल्या, आठ झाल्या. दहावी झाली तरी भिंतीपलीकडे सामसूम.

“आज बरं शांत आहे बाई,” कुणीतरी म्हणालं.

दचकीनं हातातली चादर टेबलावर ठेवली. काका जेवायला गेले होते. बाहेरचं दार डावीकडे, बॉयलर उजवीकडे. एकदा दाराकडे बघून ती उजवीकडे गेली.

नळी कोरडी होती. शेजारीच पाण्याची तोटी, आणि तिचा हात आधी तिकडेच गेला. मग काकांचं ते ‘फाटेल’ आठवलं. हात मागे घेऊन तिनं लाल बटण दाबलं आणि काकांच्या नावानं अशी बोंब ठोकली की अख्खा धुलाईखाना गोळा झाला.

काका धावत आले. नळी बघून मटकन खालीच बसले.

संध्याकाळी, बॉयलर निवल्यावर, त्यांनी पंप दुरुस्त करून चालू केला. धडधड! दचकी दचकली आणि चादर जमिनीवर.

सगळ्यांचे हात थांबले. मुकादमबाई उठल्या, वाकल्या आणि त्यांनी चादर स्वतः उचलून धुवायच्या ढिगात टाकली.

“उद्या वेळेवर ये,” त्या म्हणाल्या.