दाराबाहेरचा पट्टा

दर रविवारी प्रार्थनेआधी तो खांद्यावरचा सरकारी पट्टा उतरवायचा आणि दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचा. पितळी बिल्ला भिंतीकडे वळवून म्हणायचा, "सरकार, जरा भायेर थांबा. आत दुसऱ्या सायबाची कचेरी हाय."

माझे वडील महाडला मामलेदार होते आणि तो त्यांचा पट्टेवाला. कचेरीमागच्या सरकारी खोलीत तो नि त्याची बायको राहत. गावात ख्रिस्ती घरं दोनतीनच. रविवारी ती त्याच्याकडे जमत. पुण्याच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले की मी त्या खोलीसमोरच्या आमच्या मागल्या दारात उभी राहून ऐकत असे. आत कधी गेले नाही. काय बोलायचं ते सुचलं नसतं.

त्याची पहिली प्रार्थना विलायतेच्या राजासाठी असे. बाजारातले लोक त्याला विचारत, राजाचा मेव्हणा का रे तू? तो म्हणे, "म्येवना असतो तर प्रार्थना कशाला, चिठीच धाडली असती."

तुम्हाला तो लाचार वाटेल. मलाही वाटायचा.

मग सत्याग्रहाचा उन्हाळा आला. जंगलचा कायदा मोडायला पोलादपूरकडे निघालेल्यांना कुणी थारा, अन्न, पाणी देऊ नये, असा हुकूम निघाला. वाटेवरच्या गावांत दवंडी द्यायला वडिलांनी त्याला पाठवलं. त्यानं ती चोख दिली.

त्याच संध्याकाळी तो आमच्या ओटीसमोर येऊन उभा राहिला. परतताना आंब्याखाली तीन सत्याग्रही उन्हानं गळून बसलेले दिसले, आपल्या लोट्यातलं पाणी त्यांना दिलं, असं त्यानं सांगितलं. "हुकूम मोडला मी, रावसायेब. माज्यावर रपोट लिवा."

वडिलांनी हातातला चहा खाली ठेवला. "कुणी पाहिलं?"

"कुनी नाय."

"मग मीही काही ऐकलं नाही. घरी जा."

तो हलला नाही. "सकाळी मीच वरडून सांगितलं, पानी देनाऱ्यावर खटला व्हईल. दुसऱ्या कुनी दिलं असतं तर त्याला मी धरून आनला असता. मग मला कसा सोडू?"

"खोली जाईल तुझी. बायकोचा विचार केलास?"

"लोटा तिनंच भरून दिलावता."

 मग वडिलांनी उगाच विचारलं, तिघेही प्यायले का?

"दोगं प्याले. तिसरा म्हनला, ख्रिस्तावाच्या हातचं नको." तो किंचित हसला. "तेवढा एक सरकारचा हुकूम पाळला त्यानं."

वडील हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर लिहिलं. कर्तव्य म्हणून की भीतीनं, हे मी विचारलं नाही. त्याची नोकरी गेली, खोली रिकामी करायचा हुकूम आला. आमच्या घरात जेवताना कुणी कुणाकडे बघेना.

शेवटच्या रविवारी मी नेहमीच्या जागी होते. उंबऱ्याशी आल्यावर त्याचा हात सवयीनं खांद्याकडे गेला. तिथं काही नव्हतं. क्षणभर तो खुंटीजवळ तसाच थांबला आणि आत गेला.

आधी राजासाठी प्रार्थना झाली, नेहमीच्याच आवाजात. मग माझ्या वडिलांसाठी, नाव घेऊन. "त्यांना झोप लागू दे," एवढंच. मी मागे वळले, तर वडील अनवाणी माझ्यामागे उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

नवा पट्टेवाला पट्ट्यासकटच घरात शिरायचा. बाहेरची खुंटी रिकामीच राहिली.