सातनंतर आठ

बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, त्याचं बक्षीस म्हणून निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. आधी हात मागे जाईना, मग वर जाईना. भाकरी थापता यायची, भाजी चिरता यायची, पण स्वतःचा अंबाडा घालता येईना, आणि मला नेमकं तेच फार लागलं. सकाळच्या शाळेलाही एक केस इकडेतिकडे नसायचा माझा. आता नवऱ्यापुढे फणी घेऊन बसायची वेळ आली.

हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नाशिकच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची उमर गेली. टपावर सामान बांधतात तशी त्यांनी माझी वेणी आवळली. माझ्या भुवया वर गेल्या. "आता दिवसभर हलायची नाही," म्हणाले. हलली नाही खरीच, डोकं मात्र दिवसभर दुखलं.

कॉलनीच्या सभागृहात योगवर्ग भरतो, तिथे मी आधीपासून जायची. मला वाटलं, नेटाने आसनं केली की खांदा सुटेल. कुणाला काही न सांगता गोमुखासनात हात मागे रेटला आणि पुढे चार दिवस ताट उचलता आलं नाही. मास्तरणीला कोण शिकवणार! शेवटी मुलगा फोनवर चिडला तेव्हा फिजिओथेरपीला गेले.

तिथली मुलगी हरसूलकडची, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने आधी खांदा शेकला, भिंतीवर बोटं चढवायला लावली. काही दिवसांनी हातात टॉवेल दिला. एक टोक वरच्या हातात, दुसरं पाठीमागून खालच्या हातात, आणि चांगल्या हाताने दुखरा हात हळूहळू वर ओढायचा.

"अगं, हे तर आमचं गोमुखासनच!" मी म्हटलं.

"असू द्या की काकू. फक्त दुखायच्या अलीकडे थांबायचं. योगा सोडू नका, पण तिथल्या बाईंना खांद्याचं सांगा. आणि हे रोज, दहा मोजेपर्यंत धरायचं."

योगाच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि एकच शिकवलं: ओढताना श्वास कोंडू नका, सोडा. तेव्हापासून टॉवेल मुलीचा आणि श्वास बाईंचा, असा माझा व्यायाम ठरला. गाडी अडली ती दहावर. मी एकदोनतीनचारपाच असं मोजायची. गॅसवर दूध असलं की बाई असंच मोजते. मुलगी हसली. "काकू, पोरांनाही असेच अंक शिकवले का? घरी दुसऱ्या कुणाला मोजायला सांगा."

दुसरं कोण, हेच. रोज सकाळी चहानंतर हॉलमध्ये मी टॉवेल धरून उभी, हे खुर्चीत. फलाटावर गाडी लागल्याची घोषणा करावी तसा एकेक आकडा यायचा. एऽऽक. दोऽऽन. आणि सातवर यांना हटकून काहीतरी आठवायचं.

"सात... अगं, नांदगावच्या गाडीवर तो ड्रायव्हर होता बघ. गाडी पुकारली की त्याला चहा लागायचा."

"अहो, आठ म्हणा!"

"म्हणतो की. तर तो चहासुद्धा बशीतच प्यायचा."

मी टॉवेलला लटकलेली. रागाने मोठा सुस्कारा सोडायची, आणि सुस्कारा सुटला की हात बोटभर वर सरकायचा. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, उगीच शेफारले असते.

आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी माझा अंबाडा मी घातला. हे दारात उभे राहून बघत होते. "सुटलीस बाई माझ्या तावडीतून," म्हणाले, आणि जरा हिरमुसलेच. पण फिजिओथेरपीच्या मुलीने बजावलं होतं, खांदा सुटला तरी व्यायाम सोडायचा नाही. पुढे सहा वर्षं आमचं सकाळचं मोजणं चाललं. ती वर्षं मला परत कुणी दिली तर मी लटकून राहायला तयार आहे.

दोन वर्षांपूर्वी थंडीत हे गेले. मी टॉवेल धुऊन कपाटात ठेवला तो ठेवलाच. योगवर्गही बंद केला. त्यांच्यावर रागच होता माझा, मोजणं अर्धवट टाकून गेले म्हणून. यंदा डावा खांदा धरला आणि हात पुन्हा अंबाड्यापर्यंत पोचेना. आता फणी घेऊन कुणापुढे बसणार? मुकाट्याने त्याच मुलीकडे गेले. तिने आता स्वतःचं क्लिनिक काढलंय. तिने हातात टॉवेल दिला आणि घड्याळाकडे बघत मोजू लागली.

"काकू, दहा झाले. सोडा की हात."

"थांब गं," मी म्हटलं. "माझे सातच झालेत."

दुसऱ्या दिवशी चहा झाला, कपाटातून टॉवेल काढला आणि हॉलमध्ये उभी राहिले. त्यांच्याच चालीने मोजत गेले. सात म्हटलं आणि थांबले.

"अहो," मी म्हटलं, "हरसूलच्या त्या मुलीने स्वतःचं क्लिनिक काढलंय."

मग श्वास सोडला आणि आठ म्हटलं.