शिवलीलाची घागर आणि ॲपचा शेरा

मंडळी, आज देगलूरजवळच्या आमच्या शाळेत संशोधन करणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या. मुलांचे निबंध तपासणारं एआय ॲप बनवून राहिल्यात त्या.

सातवीच्या शिवलीलानं लिहिलं होतं, ‘शाळा चालू असताना मी वर्गात असते आणि टँकरच्या रांगेतपण असते.’ ॲपनं लगेच शेरा मारला: एकाच वेळी दोन ठिकाणी असणं शक्य नाही.

शिवलीला म्हणाली, “मॅडम, मी वर्गातच असते. रांगेत माझी घागर ऱ्हाते. तिला कुणी हलवत न्हाई, तोच माझा नंबर.”

मॅडमनी लॅपटॉप मिटला, वही काढली आणि तिच्याच बाकावर जाऊन बसल्या. “अजून सांग.”

मागच्या उन्हाळ्यात इथं नवीन बदलून आलो, तेव्हा असंच एक वाक्य मी लाल पेनानं खोडलं होतं. काहीच न विचारता.

शिक्षक मित्रांनो, तुम्ही काय काय खोडलंय?