मबरूकाची वाट

लिबियातल्या गदामेसच्या जुन्या शहरात गल्ल्या पुरुषांच्या होत्या आणि एकमेकींना जोडलेल्या गच्च्या बायकांच्या. मबरूका सुईण आयुष्यभर गच्च्यांवरूनच घरोघरी बाळंतपणाला गेली. भर दिवसा गल्लीत तिने कधी पाऊल टाकले नव्हते. मग सरकारने शेजारीच नवी वस्ती बांधली आणि सगळे तिथे राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात समोरच्या सलमाला कळा सुरू झाल्या. मबरूका सवयीने जिना चढली, गच्चीच्या कडेशी आली आणि जागीच थिजली. पुढे गच्ची नव्हती. खाली रुंद रस्ता होता आणि त्यावर पुरुष उभे होते.

समोरून सलमाची सासू ओरडली, "अगं, येतेस ना? की पंख फुटायची वाट बघतेस?"

"मध्ये रस्ता आहे गं!"

"मग उतर खाली! पोर आडवं आलंय!"

वस्ती आखणाऱ्यांनी पाण्याचा, विजेचा विचार केला होता; बायका कुठून चालतील, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मबरूकाने चादर डोळ्यांपर्यंत ओढली आणि ती रस्त्यात उतरली. पुरुषांनी गोंधळून भिंतीकडे तोंडे फिरवली.

मूल सुखरूप जन्मले. मबरूका मात्र सलमाच्या उंबऱ्याशीच बसून राहिली. तो रस्ता पुन्हा ओलांडण्याचे बळ तिच्या पायांत उरले नव्हते.