आधी वाक्य बोल

वत्सलाबाई नुसतं उत्तर ऐकूनच घेत नसत. "आधी वाक्य बोल," म्हणत. वऱ्हाड मध्य प्रांतात होता, तेव्हाची ही गोष्ट. मलकापूरच्या मुलींच्या शाळेत त्या आम्हाला शिष्यवृत्ती परीक्षेसाठी उतारे शिकवीत. उताऱ्याखाली शब्दांच्या जोड्या असत: पाखरू–घरटे, तशी मुंगी–? मी घाईने 'साखर' म्हटलं.

"काऊन वो? पाखरू घरट्यात राह्यते. मुंगी साखरेत राह्यते काय? नातं सांग पहिले. शब्दाले शब्द चिकटवाले अक्कल लागत नाही."

बाई नवऱ्याचं घर सोडून एकट्या राहत. गावातल्या बाया कुजबुजत. बाई भर बाजारात थांबून त्याच बायांशी भाजीचे भाव बोलत.

एकदा तपासणीला डिप्टीसाहेब आले. राजाचा उतारा वाचून घेऊन त्यांनी मला उभं केलं. "राजा–प्रजा, तसा नवरा–?"

"राजा प्रजेवर राज्य करतो. नवरा..." मी अडले. आमचे वडील तर कापसाचा सौदासुद्धा आईला विचारून करत. "जोडी जुळत नाही, साहेब."

"बायको! लिहून घ्या, मुलींनो."

"लिहू नका वो," बाई मागून म्हणाल्या. पाट्यांवरच्या पेन्सिली थांबल्या.

साहेब वळले. "म्हणूनच तुमच्यावर एकटं राहायची वेळ आली, बाई."

बाईंचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "हाव, राह्यते एकटी. म्हणूनच सांगून राह्यली साहेब, जोडी चुकली."

हेडबाईंनी माफी मागण्यासाठी परोपरीने विनवलं. "चूक त्यायची, अन् माफी म्या मांगू?" एवढंच बाई म्हणाल्या. थोड्याच दिवसांत त्यांची बदली दूर साखरखेर्ड्याला झाली.

मोटार अड्ड्यावर आम्ही मुली त्यांना पोहोचवायला गेलो. मी रडत विचारलं, "परीक्षेत असंच आलं तर?"

"जागा कोरी सोडजो."

"आणि शिष्यवृत्ती?"

"गेली तर जाऊ दे. पटत नाही ते लिहून मिळवली, तर म्या तुले शिकवलं काय?"

परीक्षेत मालक–नोकर आलं, आणि त्यापुढे पती–? मी जागा कोरी सोडली. बाहेर आल्यावर कळलं, आमच्या वर्गातल्या सगळ्याच मुलींनी सोडली होती. त्या वर्षी आमच्या शाळेतल्या एकीलाही शिष्यवृत्ती मिळाली नाही. हेडबाईंनी आम्हाला पटांगणात उन्हात उभं केलं. "चूक कबूल करील तिनं सावलीत यावं," त्या म्हणाल्या.

शाळा सुटेपर्यंत सावली रिकामीच राहिली.