तोंडात असलेल्या कवळ्या

विलास सस्ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मेथी घेत होतो. दौंडहून त्याच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा फोन होता. कार्यशाळेत काम करता करताच छातीत कळ आली म्हणाल्या. चारच दिवसांपूर्वी आम्ही केंदूरला बरोबर होतो. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायला संकोच वाटतो... गयामावशींची कवळी त्याच्याकडेच राहिली.

विलासचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवत, हा दौंडमध्ये बसून कवळी करून देई. महिन्यातले दोन रविवार मात्र तो ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना घेऊन शिरूर तालुक्यातल्या गावांत यायचा. ज्या म्हाताऱ्यांना एरवी दात बसवून घेणं जमलंच नसतं, त्यांची मापं बाई घ्यायच्या आणि कवळ्या हा फुकट करून द्यायचा. कवळी बसली की म्हणायचा, "आता ज्याचं नाव घ्यावंसं वाटतं ते घ्या." कोणी नातवाचं घेई, कोणी लाजत नवऱ्याचं. मी कारखान्यात तपासणी विभागात, त्यामुळे नोंदवही माझ्याकडे. एकदा मांडवगण फराट्याहून परतताना मी कौतुकानं म्हणालो, "विलास, आज एकशे बारा झाल्या." तो म्हणाला, "केलेल्या मोजू नकोस. तोंडात असलेल्या मोज." मग पाच रविवार नवं काम बंद ठेवून आम्ही घरोघर फिरलो. एकतीस कवळ्या डबीत नाहीतर फडताळात निघाल्या, एक तर देव्हाऱ्यात. "चांगली वस्तू हाय, झिजंल म्हून ठिवलीया," आजोबा म्हणाले. विलास हसला, पण त्यानं त्यांच्या हिरडीवरचा लाल व्रण पाहिला होता. ओट्यावर बसून त्यानं ती तिथंच घासून दिली. सगळ्याच सुधारल्या असं मी लिहिणार नाही. नऊ जण पुढंही भाकरी कुस्करूनच खात राहिले, आणि ते नऊ त्याला तोंडपाठ होते.

केंदूरच्या गयामावशी विहारात चाळीस वर्षं वंदना सांगत आल्या होत्या. दात गेले, शब्द निसटू लागले, तशा त्या आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांना दात हवे होते ते भाकरीसाठी नव्हे, वंदनेसाठी. कवळी बसली छान, पण ‘बुद्धं सरणं’ म्हणताना ‘स’वर बारीक शिट्टी वाजली.

"ह्ये काय वो भाऊ? तुमच्या दौंडाच्या इंजिनावानी शिट्टी मारतीया की! पोरी हसत्याल विहारात."

आम्ही सगळे हसलो. मावशी हसल्या नाहीत. कवळी काढून त्यांनी पदराखाली धरली... बाई समजुतीनं म्हणाल्या, "होईल हळूहळू सवय."

"सवय त्यांनी का करायची? दातांमागची जाडी माझ्या हातून चुकलीय," विलास म्हणाला. "मावशी, पौर्णिमेच्या आत आणून देतो." आणि कवळी घेऊन गेला.

दोन आठवड्यांनी मी दौंडला गेलो. सुमनवहिनींनी कार्यशाळा उघडून दिली. टेबलावर प्लास्टरचे साचे ओळीनं होते, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. गयामावशींच्या साच्यापाशी डबी होती आणि डबीवर त्याच्या अक्षरात चिठ्ठी: ‘घासली. बोलायला लावून बघणे.’

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई आणि मी केंदूरला गेलो. बाईंनी कवळी बसवली. मावशींनी ओठ मिटून घेतले, ते उघडेनात. "बोलून तर बघा," बाई म्हणाल्या. मावशींनी मान हलवली. पुन्हा शिट्टी वाजली तर आता घासून द्यायला कोण होतं? मला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याचंच वाक्य म्हणालो, "मावशी, ज्याचं नाव घ्यावंसं वाटतं ते घ्या."

त्यांनी डबीवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"विलास सस्ते," त्या म्हणाल्या.

या नावात तीन ‘स’ आहेत. तिन्ही स्वच्छ होते.